चमचा, नाडी आणि कोयता

स्टीलचा चमचा ही काही शस्त्रांच्या यादीत घालावी अशी वस्तू नव्हे. लहान मूल स्वतःच्या हाताने जेवायला शिकते ते चमच्यानेच. पण जुलै २०१० मध्ये मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात १९९३च्या बॉम्बस्फोटांशी संबंधित दोन आरोपींची जुंपली आणि मुस्तफा डोसाने अबू सालेमच्या तोंडावर वार केल्याची बातमी आली, तेव्हा हल्ल्याचे हत्यार म्हणून नाव आले ते घासून धार आणलेल्या चमच्याचे.

दोन वर्षांनी, जून २०१२ मध्ये पुण्याच्या येरवडा कारागृहातील अंडा सेलमध्ये दहशतवादाच्या आरोपाखाली ठेवलेल्या एका कच्च्या कैद्याचा गळा आवळून खून झाला. तपासात पुढे आले ते हत्यार चमच्याहूनही साधे होते. कपड्याची नाडी! आणि मे २०२३ मध्ये दिल्लीच्या तिहार कारागृहात तर कहरच झाला. विरोधी टोळीच्या कैद्यांनी वरच्या मजल्यावरची लोखंडी जाळी कापली, चादरींच्या आधाराने खाली उतरून त्यांनी टिल्लू ताजपुरिया या टोळीप्रमुखाला गाठले आणि त्याच्यावर असंख्य वार केले. वार करायची हत्यारेही लोखंडी गजाच्या तुकड्यांची होती. कैद्यांना अडवण्यासाठी बसवलेले लोखंडच त्यांनी हत्यार म्हणून वापरले. जखमी ताजपुरियाला बाहेर नेत असताना, सुरक्षा कर्मचाऱ्यांच्या देखत, त्याच्यावर पुन्हा हल्ला झाला आणि हे सारे सीसीटीव्ही कॅमेऱ्यात टिपले गेले.

आर्थर रोड, येरवडा आणि तिहार ही काही आडगावची कच्ची कोठडी नव्हे. देशातली सर्वांत कडेकोट मानली जाणारी ही तीन कारागृहे. आत जाणाऱ्या प्रत्येक माणसाची झडती, प्रत्येक वस्तूची तपासणी, उंच भिंती, मनोरे, पहारा असा सगळा बंदोबस्त तिथे आहे. शस्त्रबंदीचा एखादा आदर्श नमुना दाखवायचा झाला तर तो कारागृहाचाच दाखवावा लागेल. बाहेरच्या समाजात बंदी घालायची तर कोट्यवधी घरांवर नजर ठेवावी लागते. इथे मात्र चार भिंती आहेत, एकच दार आहे आणि त्या दारावर सरकारचा माणूस उभा आहे. तरीही आत हत्यारे असतात. मग बंदी नेमकी कशावर असते?

कारागृहातल्या झडतीत सापडणाऱ्या वस्तूंची नावे वाचली तर एखाद्या भंगारवाल्याच्या गाडीची आठवण यावी. टूथब्रशची दांडी, बादलीची कडी, पत्र्याची पट्टी, खिळा, फुटक्या फरशीचा टोकदार तुकडा, दाढीच्या पात्याचा अर्धा भाग. दिल्लीकडच्या कारागृहांत ज्याला ‘सुआ’ म्हणतात तो म्हणजे आपल्याकडचा पोती शिवायचा दाभणच, फक्त गजापासून किंवा जाड तारेपासून केलेला. यातली एकही वस्तू कुणी शस्त्र म्हणून आत आणलेली नसते. जेवायला, दात घासायला, अंघोळीला, वारा घ्यायला म्हणून सरकारनेच दिलेल्या या वस्तू. कैद्याजवळ त्याहून मौल्यवान असे एकच असते आणि ते म्हणजे वेळ. बाहेरच्या माणसाला चमचा आठ दिवस घासत बसायला सवड नसते, कैद्याला ती वर्षानुवर्षे असते.

यावर कुणी म्हणेल, गुन्हेगारच ते, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा ठेवणार? पण असे प्रत्येक हत्यार कुणाला मारण्यासाठीच केलेले असते असे नाही. बरेचदा ते उशाशी ठेवून झोप लागावी म्हणून असते. आर्थर रोडची क्षमता कित्येक वर्षे ८०४ कैद्यांची होती आणि आत त्याच्या तिपटीहून अधिक माणसे कोंबलेली असत. अशा बराकीत कूस बदलायची तर शेजाऱ्यालाही कूस बदलावी लागते. त्या गर्दीत कोण कुठल्या टोळीचा, कुणाची कुणाकडे उधारी, कुणाची बिडी-तंबाखू कुणी पळवली, कुणाची तक्रार कुणी जमादाराकडे केली, या हिशेबात नवखा माणूस पहिल्याच रात्री गांगरून जातो. रात्री भांडण झाले तर कुलूप उघडून पहारेकरी आत येईपर्यंत जे व्हायचे ते होऊन गेलेले असते. मग तोही एक तुकडा मिळवतो आणि घासू लागतो. शेजाऱ्याला ते कळते, म्हणून शेजारीही घासू लागतो. काही जण तर पाते दुसऱ्यावर नाही, स्वतःवरच चालवतात. बराक बदलून मिळावी किंवा दवाखान्यात हलवावे, यासाठी अंगावर चिरे ओढून घेणे ही कारागृहातली जुनी आणि केविलवाणी युक्ती आहे.

मुलाखतीच्या खिडकीपाशी

१८९४चा कारागृह कायदा इंग्रजांनी केला. कारागृहात प्रवेश करताना झडती घेणे, मनाई असलेल्या वस्तू काढून घेणे, त्या आत नेणाऱ्याला शिक्षा करणे, ही सारी कलमे त्यात आहेत. स्त्री कैद्यांची झडती स्त्रीनेच घ्यावी हेही त्यात लिहिलेले आहे. देशातल्या कारागृहांचा कारभार स्वातंत्र्यानंतरही कित्येक दशके प्रामुख्याने याच कायद्याच्या चौकटीत चालला. कैदी म्हणजे पळून जाणारा किंवा हल्ला करणारा प्राणी आणि वस्तू म्हणजे संभाव्य हत्यार, ही त्यामागची नजर मात्र कायद्यापेक्षाही चिवट निघाली.

या नजरेची झळ सर्वांत आधी लागते ती बाहेर रांगेत उभ्या असलेल्या घरच्यांना. पहाटेची एसटी पकडून मुलाखतीला आलेली आई, कडेवर मूल घेतलेली बायको, कामावर खाडा करून आलेला भाऊ. पिशवीतली प्रत्येक वस्तू खिडकीतल्या हवालदारापुढे ठेवायची. कपड्यांच्या शिवणी चाचपल्या जातात, नाड्या ओढून काढल्या जातात. घरचे खाणे तर बहुतेक ठिकाणी न्यायालयाच्या परवानगीशिवाय आत जातच नाही. मुलाला आवडतो म्हणून केलेला लाडू त्याच पिशवीतून परत गावी जातो. झडती नकोच असे कुणी म्हणणार नाही. लाडवातून गांजा जाऊ शकतो आणि नाडीने काय होऊ शकते हे येरवड्यात दिसले आहे. पण ही चाळणी कुणासाठी बारीक आणि कुणासाठी भोके पडलेली, हा प्रश्न विचारायलाच हवा.

फादर स्टॅन स्वामी हे ऐंशी ओलांडलेले, कंपवाताने हात थरथरणारे वृद्ध गृहस्थ ऑक्टोबर २०२०मध्ये अटक होऊन नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात आले. पेला हातात धरता येत नाही म्हणून त्यांनी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाकडे स्ट्रॉ आणि सिपर मागितला. त्यावर म्हणणे मांडायला तपास यंत्रणेने २० दिवसांची मुदत मागून घेतली. पाणी पिण्याच्या नळीसाठी २० दिवस! पुढे सिपर मिळाला, पण जुलै २०२१मध्ये जामिनाची वाट पाहतच ते रुग्णालयात वारले. याच कारागृहातल्या गौतम नवलखा यांचा चष्मा चोरीला गेला. घरच्यांनी टपालाने पाठवलेला दुसरा चष्मा कारागृहाने परत पाठवला, तेव्हा डिसेंबर २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. पुढे त्यांना पी. जी. वुडहाऊस यांचे विनोदी पुस्तक सुरक्षेच्या कारणावरून नाकारले गेले. एप्रिल २०२२मध्ये उच्च न्यायालयाने त्याला हास्यास्पद म्हटले. वुडहाऊसच्या पुस्तकाने फार तर हसून हसून पोट दुखेल. त्यापासून सुरक्षेला धोका आहे हे ठरवणाऱ्याने ते उघडूनही पाहिले नसावे.

आणि हेच तळोजा कारागृह जून २०१३मध्ये काय पाहून बसले होते? तिथे अबू सालेमवर गोळी झाडली गेली होती. चमचा घासून दाभण होतो, पण पिस्तूल होत नाही. पिस्तूल दारातूनच आत येते, आणि दारावर तर माणूस उभा असतो. म्हणजे चष्मा आणि स्ट्रॉ ज्या दारात अडतात त्याच दारातून गोळ्या झाडणारे हत्यार आत जाऊ शकते. आत जाणाऱ्या प्रत्येक निषिद्ध वस्तूला एक दर असतो असे कारागृहातून सुटलेले लोक सांगतात. ज्याच्यापाशी तो दर द्यायला पैसे आहेत त्याला यादी लागू होत नाही. यादी लागू होते ती लाडू घेऊन आलेल्या आईला.

मुंबईतल्याच भायखळ्याच्या महिला कारागृहात जून २०१७मध्ये घडलेला प्रकार तर कुठल्याच यादीत बसत नाही. वाटपातली काही अंडी आणि पाव कमी भरले, या कारणावरून एका बंदी महिलेला बेदम मारहाण झाली आणि तिचा मृत्यू झाला. खुनाच्या आरोपाखाली अटक झाली ती कारागृहाच्याच सहा महिला कर्मचाऱ्यांना. लाठी हे शस्त्र नव्हे, असे आपला शस्त्र कायदाच सांगतो. १९५९च्या या कायद्यात शस्त्राची व्याख्या करताना केवळ घरगुती किंवा शेतीच्या वापराच्या वस्तू वगळल्या आहेत, आणि त्याचे उदाहरण म्हणून लाठीचे नाव घेतले आहे.

कोयत्याचा आधार क्रमांक

व्याख्येचा हा घोळ कारागृहाच्या भिंतीबाहेर आणखी मोठा होतो. २०२२च्या अखेरीस पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रोज वर्तमानपत्रांत दिसू लागला. मिसरूड न फुटलेली पोरे कोयते नाचवत दुकाने फोडत, वाहनांच्या काचा फोडत, रस्त्याने जाणाऱ्याला धमकावत. विधिमंडळात त्यावर गदारोळ झाला. पोलिसांनी छापे घातले, कोयते जप्त केले आणि २०२३मध्ये विक्रेत्यांना सांगितले की कोयता विकताना गिऱ्हाइकाचे आधार कार्ड पाहा आणि त्याची नोंद ठेवा. नागरिकांना बरे वाटले. काहीतरी होते आहे असे दिसले, आणि असे दिसणे राजकारणात फार महत्त्वाचे असते.

पण कोयता म्हणजे काय? शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे आणि लगेच त्यातून घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची अवजारे वगळली आहेत. ती वगळावीच लागतात, नाहीतर देशातला प्रत्येक शेतकरी, खाटीक, नारळवाला आणि माळी गुन्हेगार ठरेल. मराठवाड्यातून दरवर्षी ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत तर कोयता हे माणसांचेच नाव आहे. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून एक जोडी. एकटाच माणूस असेल तर तो अर्धा कोयता. बीडच्या बाजारात हे अवजार विकत घेणारी बाई आणि पुण्याच्या गल्लीत तेच फिरवणारे पोर, दुकानदाराच्या वहीत दोघांची नोंद सारखीच होणार. आणि ज्याला ते फिरवायचे आहे तो वहीत नाव लिहायला कशाला येईल? तो घरातला, शेजारच्या शेतातला किंवा चोरलेला कोयता उचलेल.

शस्त्रबंदीचे राजकारण आपल्याला नवे नाही. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला तेव्हा हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना त्यातून सूट मिळाली. म्हणजे बंदी शस्त्रावर नव्हती, माणसावर होती. बंदीच्या प्रत्येक यादीत, ती कितीही निःपक्षपाती शब्दांत लिहिलेली असो, ‘कुणाच्या हातात’ हा अलिखित रकाना असतोच.

इतर देशांचीही यात तारांबळच उडालेली आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६९ साली चाकूंची टोके बोथट करण्याचा हुकूम काढला होता. इंग्लंडमध्ये २००५ साली अपघात विभागातल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की भोसकल्याच्या घटनांत स्वयंपाकघरातलीच सुरी वापरली जाते, तेव्हा लांब टोकदार सुऱ्यांची विक्रीच थांबवावी. त्यासाठी त्यांनी आधी स्वयंपाक्यांना विचारले होते की लांब टोकाची गरज तरी आहे का! सरकारने मात्र चित्रपटातल्यासारख्या भयानक दिसणाऱ्या ‘झोंबी’ सुऱ्यांवर २०१६मध्ये बंदी घातली. व्याख्येत, सुरीवर हिंसेला उत्तेजन देणारे शब्द किंवा चित्र असावे अशी अट होती. बनवणाऱ्यांनी शब्द आणि चित्रे काढून टाकली आणि तीच सुरी विकली. ही पळवाट बुजवायला २०२४ साल उजाडले. डॉक्टरांची सूचना त्या मानाने शहाणपणाची होती, कारण त्यांनी सुरी दिसते कशी हे न पाहता जखम कशी होते हे पाहिले. घराघरातल्या सुरीला हात घालायचे धाडस कुठल्या सरकारला होणार, हा भाग वेगळा.

याचा अर्थ बंदी निरुपयोगी असा काढणेही चूक होईल. चमच्याने तोंडावर जखम होते, पिस्तुलाने माणूस जागीच मरतो. कारागृहात बंदुका सहज मिळत असत्या तर मृतांची संख्या कुठे गेली असती याची कल्पनाही करवत नाही. जी वस्तू केवळ मारण्यासाठीच बनलेली आहे तिच्यावरची बंदी कडकच हवी. गफलत होते ती पुढे, यादी वाढवत वाढवत चमच्यापर्यंत, नाडीपर्यंत, स्ट्रॉपर्यंत नेण्यात. त्या टोकाला गेल्यावर वस्तू संपत नाहीत, फक्त माणसाची लाज काढली जाते.

या सगळ्याला छेद देणारी एक गोष्ट आपल्या महाराष्ट्रातच आहे आणि तिला ऐंशीहून अधिक वर्षे झाली. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ, दुष्काळी माळरानावर स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे बाळासाहेब, यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस ती वसवू दिली. कल्पना होती मॉरिस फ्रिडमन या पोलिश अभियंत्याची. खुनासारख्या गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीशिवाय, बेड्यांशिवाय राहू लागले आणि जमीन कसू लागले. व्ही. शांताराम यांचा १९५७चा ‘दो आँखें बारह हाथ’ याच प्रयोगावरून सुचलेला. कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि माडगूळ तर आटपाडीच्याच शेजारचे.

शेती करायची म्हणजे हातात कुदळ, खुरपे, विळा, कोयता आणि कुऱ्हाड आलीच. येरवड्याच्या बराकीत ज्याच्या पायजम्याची नाडीही धोक्याची, त्याच प्रकारच्या गुन्ह्यातला माणूस इथे दिवसभर धारदार अवजार घेऊन एकट्यादुकट्या पहारेकऱ्याच्या आसपास वावरतो. पैठणला आणि येरवड्यालाही पुढे खुली कारागृहे झाली. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला तर कैदी बायकामुलांसह राहतात, दिवसा शहरात कामाला जातात आणि संध्याकाळी हजेरीला परत येतात. स्वतंत्रपूरलाही कुटुंबाला जवळ राहता येते.

अर्थात, ही माणसे निवडून घेतलेली असतात हे विसरून चालणार नाही. शिक्षेचा काही काळ चांगल्या वर्तणुकीने काढलेल्यांनाच तिथे पाठवतात. टोळीयुद्धातल्या म्होरक्यांना उद्या आटपाडीच्या शेतात सोडा असे कुणीही सुचवणार नाही. पण जे तिथे जातात त्यांच्या बाबतीत काय बदललेले असते? कोयत्याची धार तीच असते. बदललेले असते ते हेच की संध्याकाळी थकून झोपण्याइतके काम असते, शेजाऱ्याची भीती नसते, काढलेल्या दिवसांची शिक्षेत सूट मिळत असते आणि त्यामुळे गमावण्यासारखे काहीतरी हाताशी असते.

हे सारे ज्यांना मिळू शकत नाही त्यांचीच संख्या आत जास्त आहे. ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या कारागृहांत ४,३६,२६६ जणांची सोय होती आणि कैदी होते ५,७३,२२०. त्यांतल्या दर चारांपैकी तिघांचा खटला अजून निकाली निघालेला नव्हता. असा कच्चा कैदी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो, म्हणून त्याला शिक्षेचे काम लावता येत नाही आणि शिक्षाच नसल्यामुळे सूटही मिळत नाही. खुले कारागृह तर त्याच्यासाठी नाहीच. तारीख, पुढची तारीख, त्याहून पुढची तारीख. कधी पोलीस बंदोबस्त नाही म्हणून न्यायालयात नेलेच जात नाही. चमचा घासायला वेळ आहे तो याच माणसापाशी.

१ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ४७९ आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडावे, असे ते सांगते. जन्मठेप किंवा फाशीचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले यातून वगळले आहेत. जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही याचा लाभ द्यावा असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४मध्ये स्पष्ट केले. मुदत भरली की न्यायालयाकडे तसा अर्ज करण्याची जबाबदारी वकिलावर नाही, घरच्यांवरही नाही. ती कारागृहाच्या अधीक्षकावर आहे. झडतीत जप्त केलेले चमचे आणि परत पाठवलेले लाडू यांचा हिशेब ज्याच्या अखत्यारीत आहे, त्याच अधिकाऱ्याच्या सहीने हे अर्ज निघायचे आहेत.